वळणाला टाकी

आमच्या खात्यानं रस्त्यांचं शिक्षण घ्यायला एक माणूस परदेशी पाठवायचं ठरवलं, तेव्हा तो माणूस मीच असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. यादीतून नाव निघालं ते माझ्या बायकोचं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. आम्ही दोघं एकाच कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलो आणि एकाच खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून चिकटलो. मी साइटवर, भांडुप ते मुलुंडचे रस्ते माझ्याकडे. ती घाटकोपरच्या ऑफिसात नकाशांच्या टेबलावर. कॉलेजात ती माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि मार्कांत पुढे असायची, पण ते मी लग्नात पोटात घातलं होतं. मला वाटलं होतं, ते तिथे जिरलंही.

मुंबईच्या उपनगरांना बर्फाचं काय काम, असं कोणीही विचारेल. ऑफिसातही विचारलं. त्याचं उत्तर असं की शिक्षण होतं पावसाळी रस्त्यांचं, पण देश होता थंड, आणि तिथे पाऊस आणि बर्फ एकाच धड्यात शिकवत. आम्हाला जागा मिळाली होती एकच. आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून समजावलं, की ऐन कामाच्या हंगामात साइटवरचा माणूस हलवता येत नाही, तुमच्याशिवाय भांडुपचं कोण बघणार? हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे मला कळत होतं. तरी मी चढलो, आणि वर बसून जळत राहिलो.

ती दिवाळीनंतर गेली आणि होळीच्या तोंडावर परत आली. मधले चार महिने मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मी, माझी आई आणि पहिलीतली मुलगी. आई स्वयंपाक करायची. शाळेची तयारी, वेण्या, पाढे माझ्याकडे. बिल्डिंगमधल्या बायका मला जिन्यात गाठून "कसं हो जमतं तुम्हाला?" असं दुखवट्याच्या आवाजात विचारायच्या. मी हसून वेळ मारून न्यायचो. ऑफिसात तर माझं नावच गेलं. शिपायापासून सगळे मला "मॅडमचे मिस्टर" म्हणू लागले. आठ वर्षं उन्हातान्हात रस्ते करून मी शेवटी कोणाचा तरी मिस्टर झालो होतो.

परत आली तेव्हा तिनं माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे आणले होते. मुलुंडला, मार्चमध्ये. तिला ते गमतीचं वाटलं. मला नाही वाटलं. मी ते कपाटात ठेवले आणि पंखा एक पॉइंटने वाढवला.

मग ती बोलायला लागली, आणि बोलायची थांबेना. आईसमोर ती मला "अहो" म्हणायची आणि एकटी असली की "तू". त्या दिवसांत "तू" सुरू झालं की मला समजायचं, आता बर्फ येणार. आलाच. पांढरा बर्फ घाबरवणारा नसतो म्हणे, तो दिसतो. खरा वाईट तो, जो पातळ काचेसारखा डांबरावर बसतो आणि डांबराच्याच रंगाचा दिसतो. गाडी त्यावर आली की ब्रेक, स्टिअरिंग, देव, काहीही उपयोगाचं नाही. तो वळणावर सावलीत बसतो, ऊन पोचत नाही तिथे. ते लोक त्यावर मीठ टाकतात, वाळू टाकतात, पण ते सगळं उशिराचं काम. खरं काम आधीचं. रस्त्याला उतार असा द्यायचा की पाणी थांबूच नये, डोंगराकडून येणारं पाणी रस्त्यावर पोचायच्या आधीच वरच्या वर अडवून वळवायचं, सावली धरणारी झाडं मागे सारायची आणि रस्त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवायचा, म्हणजे टायरखालच्या पाण्याला निघून जायला वाट राहते.

"बर्फ म्हणजे वेळेवर न घालवलेलं पाणी," ती म्हणाली.

वाक्य चांगलं होतं. ते मला सुचलं नव्हतं म्हणून मी कूस बदलून झोपलो.

ऑफिसात तिचं भाषण ठेवलं. पडद्यावर स्लाइड दाखवायचं यंत्र कुठूनतरी मागवलं, खिडक्यांना कागद चिकटवले, आणि घाटकोपरच्या त्या कोंदट खोलीत घाम पुसत आम्ही तासभर बर्फ पाहिला. बर्फ लोटणाऱ्या गाड्या. मिठाचे ढीग. टोपडी घातलेले कामगार. एका स्लाइडमध्ये ती स्वतः होती, गुडघाभर बर्फात, नाक लाल, हसत. माझ्या शेजारी ती तशी कधी हसली होती, ते मी आठवून बघितलं. आठवलं नाही, पण तेव्हा मला काहीच धड आठवत नव्हतं.

मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, भांडुपला बर्फ कधी पडणार?" खोली हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

ती शांतपणे म्हणाली, "पडतो ना. दरवर्षी पडतो. आपला बर्फ हिरवा असतो."

आणि तिनं पुढची स्लाइड लावली. ती तिकडची नव्हती. ती माझ्या वळणाची होती.

हे वळण सांगायला हवं. भांडुपला टेकडीच्या पोटातून एक रस्ता वर वस्तीकडे चढतो. अर्ध्यावर त्याला एक तीव्र वळण आहे, आतल्या बाजूला उंच दगडी भिंत. चढ मोठा म्हणून कधीकाळी कोणीतरी तेवढा तुकडा काँक्रीटचा केला होता. तो झिजून गुळगुळीत झालेला. पावसाळ्यात वरच्या डोंगरातून भिंतीच्या सांध्यांमधून पाणी झिरपायचं आणि वळणाच्या आतल्या कडेवर शेवाळाचा हिरवा पट्टा धरायचा. बस आली की माणसं आणि स्कूटरवाले नेमके त्या कडेला सरायचे, आणि आडवे व्हायचे. हात मोडायचे, दुधाच्या किटल्या सांडायच्या. तीन पावसाळे ते वळण माझ्याकडे होतं. मी ब्लीचिंग पावडर टाकली, भिंतीचे सांधे भरले, पाटी लावली. एकदा मी स्वतः तिथे पडलो, खात्याच्या जीपसमोर.

दिवे लागले. मोठे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तुमचं तर खरंच वाकडं आहे." सगळे हसले. या वेळी मी नाही. मग त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, हे वळण मॅडमनी करावं.

घरी येताना रिक्षात मी बाहेर बघत बसलो. परदेश माझ्या हातून गेला होता ते मी गिळलं असतं. पण वळण माझं होतं. खराब असलं तरी माझं होतं. तिचं काम टिकलं, एक पावसाळा जरी त्या वळणावर कोणी घसरलं नाही, तर तीन वर्षांत ज्याला ते जमलं नाही असा माणूस म्हणून मी खात्यात उरणार होतो, आणि त्याच माणसाला रोज तिच्याबरोबर जेवायला बसायचं होतं.

तिनं वळणाचं काँक्रीट न तोडता त्यात बारीक खाचा पाडायचं ठरवलं, तिकडे पाहिल्या तशा. तिकडे त्यासाठी यंत्र होतं. इथे काय करायचं, हे ती जेवताना कागदावर रेघा मारून आम्हाला सांगत होती. माझी आई देवगडकडची, शिक्षण चौथी. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रस्त्याक टाकी लावतत. तसा सरळ सांग ना गो."

आमच्या दारावर तेव्हा टाकीवाली यायची. पाटा झिजला की मसाला वाटला जात नाही, वरवंटा नुसता सरकतो. मग ती बाई छिन्नी-हातोड्यानं पाट्यावर बारीक टिंबं पाडून द्यायची. तिला टाकी लावणं म्हणतात. बायको हातातला घास तसाच ठेवून आईकडे बघत राहिली आणि मग दोघी इतक्या हसल्या की मुलगीही कारण न कळता हसायला लागली. माझी आई, जिनं मला सगळ्या परीक्षांना दही-साखर दिली, तीसुद्धा बायकोच्या बाजूला गेली होती. मी आमटी मागितली. ती कोणी वाढली नाही, माझी मीच घेतली.

एप्रिलमध्ये तिनं पाथरवट बायकामाणसं शोधून आणली, आणि वरच्या अंगाला पाणी अडवायच्या गटाराची आखणी केली. मुकादमाला तिनं आईचाच शब्द दिला. मुकादमानं तो रोजंदारीच्या माणसांना दिला, त्यांनी चहावाल्याला, आणि तो शब्द चढ चढून वस्तीत पोचला, की वळणाला टाकी लावणार आहेत, पालिकेच्या मॅडम स्वतः येणार आहेत.

पाटा वस्तीतही घरोघर होता. पण पालिकेची मॅडम आणि टाकी असे दोन शब्द एकत्र आल्यावर पाटा कोणाला आठवणार? वस्तीत पाणी नव्हतं. खाली स्टेशनकडच्या नळावरून बायका हंडे घेऊन तो चढ चढत होत्या, माझ्याच त्या वळणावरून. मे महिना होता.

काम सुरू व्हायच्या सकाळी मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, साइट माझ्या वाटेवर होती, असं मी स्वतःला सांगितलं. बघतो तर वळणावर वीस-पंचवीस बायका जमलेल्या. नवी पातळं, ताटात हळदी-कुंकू, नारळ. एकीनं रस्त्याच्या कडेला रांगोळी काढलेली. मी खाली उभा राहून बघत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तीन वर्षं मी इथे उन्हात उभा राहिलो, पडलो, शिव्या खाल्ल्या. माझ्यासाठी कधी कोणी नारळ फोडला नाही, साधं पाणीही विचारलं नाही. आणि हिनं अजून एक छिन्नी मारलेली नाही.

त्यांतल्या सगळ्यांत वयस्क बाईनं तिला कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. बायकोनं पदर पसरून घेतलं, ती अवघडली होती. कशासाठी हे, असं तिनं विचारलं. म्हातारी म्हणाली, टाकीसाठी. किती मोठी आहे टाकी, आणि नळ किती लागतील?

मला एका क्षणात सगळं समजलं. आणि पहिल्यांदा जे वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. दोन महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. म्हटलं, आता बोल, बर्फवाली.

मग तिनं त्यांना सरळ सांगितलं, की पाण्याची टाकी नाही, पाट्याला लावतात ती टाकी, रस्त्याला लावायची आहे, पावसाळ्यात कोणी घसरू नये म्हणून. वरचं पाणी गटारातून खाली काढून द्यायचं आहे. फिरवाफिरव केली नाही, साहेबांवर ढकललं नाही.

मग म्हातारी म्हणाली, "म्हंजी बाई, तुमी पानी घालवाया आलाय. आमाला वाटलं, द्यायला."

बायकोनं ओटी परत द्यायला पदर पुढे केला. त्याबरोबर तीन-चार बायका एकदम मागे सरल्या. भरलेली ओटी परत घेत नाहीत, अपशकुन असतो. म्हातारीनं तिचा पदर स्वतःच्या हातानं दुमडून नारळ आत सारला आणि सगळ्या कडेला ठेवलेले हंडे उचलून वर निघून गेल्या. ती तो नारळ पदरात धरून रस्त्यात उभी. पाथरवटांनी तिची परवानगी न विचारता ठोकायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून तिचं बर्फाचं बोलणं बंद झालं. ती पाणीखात्याच्या ऑफिसात खेटे घालू लागली. तिथे तिला सांगितलं, वस्ती नकाशात नाही, नळ कसा देणार? त्यावर तिनं दुसरा विचार धरला. वळणावर झिरपणारं पाणी गटारात सोडायच्या ऐवजी वरच हौदात साठवलं तर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत धुण्याभांड्याला तरी होईल, आणि वळणही कोरडं राहील. रस्त्याच्या कामाच्या कागदांत पाणी अडवायच्या गटाराचाच भाग म्हणून हौद दाखवता येत होता. प्रश्न एवढाच, की पाणी नेमकं कुठून झिरपतं. मे महिन्यात सगळा डोंगर ठणठणीत कोरडा.

तिनं मला विचारलं नाही. तिच्या हाताखाली एक नवा सुपरवायझर होता, तो तिला भलतीच जागा दाखवत होता, भिंतीच्या डावीकडची. मी खालून बघत होतो. तिथे कधीच पाणी नसायचं. पाणी उजवीकडे, मोठ्या कातळाच्या मागे फुटायचं, तीन पावसाळे मी ते पाहिलं होतं. माझं पाणी कोणीतरी दुसरा, तेही चुकीचं दाखवतोय, हे मला काही सहन होईना. मी वर चढलो, त्या सुपरवायझरला बाजूला केलं आणि कातळामागे नेऊन तिला जागा दाखवली. दगडावर वाळून काळी पडलेली शेवाळाची खूण होती.

तिनं खुणेवर हात फिरवला. "इथे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, इथेच, आणि मृग लागल्यावर चार-पाच दिवसांनी ये, पायाशी धार दिसेल. मदत केली असं म्हणवत नाही. जागा माझी होती, ती मी कोणाला चुकीची दाखवू देणार नव्हतो, एवढंच.

हौद झाला. लहानच झाला. वस्तीतल्या बायकांनी त्यालाही "मॅडमची टाकी" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे शब्द शेवटी त्यांच्याच अर्थानं खरा ठरला. पुढे हौदात पाणी आल्यावर म्हातारी मात्र कपडे धुताना दरवेळी बायकोला विचारायची, की प्यायचं कधी देनार?

पाऊस लागला. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. ऑफिसला जाताना मुद्दाम भांडुपला उतरून वळणापर्यंत चालत जायचो आणि भिंतीला टेकून उभा राहायचो. एखादी स्कूटर तरी घसरावी. माणसाला लागू नये, नुसती आडवी व्हावी, तेवढं मला पुरलं असतं. पाणी खाचांतून सरसर उतरून जायचं. कडेवर हिरवा पट्टा धरला नाही, कारण भिंतीतून पाणीच येत नव्हतं, ते वर हौदात पडत होतं. बस यायची, माणसं कडेला सरायची, उभी राहायची, पुढे जायची. दुधवाला तर शिट्टी वाजवत जायचा. त्याची मला विशेष चीड आली.

जुलैत एका संध्याकाळी असाच उभा होतो. पाऊस धो धो. वर हौद बघून ती उतरत होती, तिची छत्री वाऱ्यानं उलटी झालेली. तिनं मला पाहिलं आणि माझ्या छत्रीखाली येऊन उभी राहिली. काय करतोयस, असं विचारलं नाही. आम्ही दोघं वळणाकडे बघत राहिलो. बस गेली. एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन, पोर कडेवर घेऊन आतल्या कडेनं सरळ चढत गेली.

मला तेव्हा बोलल्यावाचून राहवेना.

"मी जळतो तुझ्यावर," मी म्हटलं. "तू गेलीस तेव्हापासून."

"माहितीये रे," ती म्हणाली. "अख्ख्या ऑफिसला माहितीये."

ती पदरानं तोंड पुसत होती, पाऊस तिरपा येत होता.

"मी पण जळते तुझ्यावर," ती म्हणाली.

मला वाटलं, कातळामागची जागा मी दाखवली त्याबद्दल म्हणतेय. मी तसं विचारलं. तिनं मान हलवली.

"मी परत आले त्या आठवड्यात पोरीला ताप आला होता. तापात ती झोपेत हाक मारते ना? आधी 'आई' म्हणायची. त्या वेळी 'बाबा' म्हणाली. मी तिच्या उशाशीच बसले होते. माझा हात तिच्या कपाळावर होता."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, वळणाकडे बघत सांगितलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. असं काही नसतं गं, मुलं असतात तशी, दोन महिन्यांत विसरेल. पण माझ्या मनात जे उसळलं तो आनंद होता. यादी तिची, परदेश तिचा, वळण तिचं, टाकी तिची, आईसुद्धा तिची. पण ही एक हाक माझी. ज्या चार महिन्यांसाठी मी जळलो त्यांची किंमत तिनं कशानं भरली ते मला समजत होतं, तरी तो आनंद जाईना, आणि तो माझ्या चेहऱ्यावर आला असणार, कारण तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"चल," ती म्हणाली, "घरी पोरगी वाट बघत असेल."

कोणाची, ते ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.